थोरांची ओळख : वाऱ्याविरुद्ध उडालेले कर्नल फिट्झमॉरिस



वर्ग सुटल्यावर तुम्ही मेनूथमध्ये खेळत असता आणि डोक्यावरून एखादे छोटे विमान घरघरत जाते. ते बहुधा जवळच्या वेस्टन विमानतळावरचे असते. तुमच्यापैकी बरेच जण खेळ थांबवून त्याच्याकडे बघतात, हे आम्ही पाहिले आहे. मागच्या महिन्यात असेच विमान गेले आणि वर्गातल्या एका छोट्या मुलीने विचारले, की आजीकडे जायचे विमान पहिल्यांदा कोणी चालवले?

आम्ही मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो. कोणी राइट बंधूंचे नाव घेतले, कोणी जे. आर. डी. टाटांचे. दोन्ही नावे बरोबरच आहेत, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. मग आम्ही ठरवले, की आपण राहतो त्याच परिसरात शोधून पाहावे. शोधल्यावर लक्षात आले, की मेनूथहून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत बाल्डॉनेल नावाचा लष्करी विमानतळ आहे आणि तिथून उडालेल्या एका माणसाच्या आयुष्यात विमानाची जवळजवळ सगळी सुरुवातीची गोष्ट सापडते. युद्धाचे विमान, टपालाचे विमान आणि प्रवाशांचे विमान, तिन्ही. त्या माणसाचे नाव जेम्स फिट्झमॉरिस. या अंकात त्यांची ओळख करून घेऊ.

बालपण

जेम्सचा जन्म ६ जानेवारी १८९८ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील तुरुंगात नोकरीला होते. जेम्स चार वर्षांचा असताना वडिलांची बदली मेरीबरो गावी झाली. तेच आजचे पोर्टलीश. तुमच्यापैकी काही जण कॉर्कला जाताना त्या गावावरून गेले असतील. तिथल्याच ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत जेम्स शिकला.

तो पाच वर्षांचा होता तेव्हा, १७ डिसेंबर १९०३ रोजी, अमेरिकेत राइट बंधूंचे विमान पहिल्यांदा उडाले. त्यातले पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे होते. तुम्ही बुटाची नाडी बांधाल तेवढ्या वेळात संपणारे! पण पुढची प्रगती झपाट्याने झाली. जेम्स तेरा वर्षांचा झाला तोपर्यंत आपल्या भारतातही विमानाने टपाल नेले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेतली आणि यमुना ओलांडून नैनीला पोचवली. अंतर होते जेमतेम दहा किलोमीटर. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल म्हणून त्या उड्डाणाची नोंद आहे.

तेव्हा विमान म्हणजे लाकडाच्या काठ्या, तारा आणि ताणून बसवलेले कापड. आपल्या पतंगाला यंत्र लावावे तसे. त्यात बसणे म्हणजे जिवाशी खेळच होता.

युद्धावर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जेम्स सोळा वर्षांचा होता. त्याने सैन्यात नाव घातले, पण वय कमी असल्यामुळे त्याला परत घरी आणले गेले. तरी तो ऐकतो कसला! १९१५ मध्ये तो पुन्हा ब्रिटिश सैन्यात गेला. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होते, जसा आपला भारत होता. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतले मराठे आणि महार शिपाईसुद्धा त्याच युद्धात लढायला दूर देशी गेले होते.

१९१६ मध्ये जेम्स फ्रान्समध्ये होता. त्या वर्षी सॉम नदीकाठी फार भयंकर लढाई झाली. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे जवळजवळ वीस हजार सैनिक मारले गेले. त्या लढाईत जेम्सही होता. त्याच वर्षी तो जखमीही झाला. वय वर्षे अठरा. आपल्याकडचा अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याने काय पाहिले असेल याची थोडी कल्पना येते.

जमिनीवर खंदकात चिखल आणि मृत्यू होता. वर आकाशात मात्र विमाने फिरत होती. सुरुवातीला ती फक्त शत्रूची जागा हेरण्यासाठी होती. पुढे त्यांच्यावर बंदुका बसल्या, मग बाँब आले. युद्धामुळे विमानांची वाढ भराभर झाली. चार वर्षांत यंत्रे जास्त ताकदीची झाली आणि वैमानिक हजारोंनी तयार झाले. हे सांगताना आम्हांला आनंद होत नाही. पण आजीकडे नेणाऱ्या विमानाच्या वाढीत युद्धाचाही वाटा आहे, ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवणेही बरे नाही.

१९१७ मध्ये जेम्सला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला आणि मग तो विमान चालवायला शिकला. वैमानिक म्हणून फ्रान्सला जायची वेळ आली आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. हवेतून कोणावर गोळी झाडण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

रात्रीची टपाल

युद्ध संपले, पण सगळे सैनिक लगेच घरी आले नाहीत. पुष्कळ जण युरोपातच राहिले होते. त्यांना घरची पत्रे कशी पोचवायची? लढाईची विमाने आता रिकामी उभी होती. त्यांत बाँबच्या जागी टपालाच्या थैल्या ठेवल्या गेल्या.

मे १९१९ मध्ये फिट्झमॉरिस यांनी इंग्लंडमधील फोकस्टनहून फ्रान्समधील बूलोनला रात्री टपाल नेली. त्या मार्गावरचे ते पहिले रात्रीचे टपाल उड्डाण मानले जाते. आज आपल्याला वाटते, त्यात काय मोठेसे! पण तेव्हा वैमानिकाला वाट दाखवणारी यंत्रे जवळजवळ नव्हतीच. खाली काळेभोर पाणी, वर काळेभोर आकाश, आणि वैमानिकाचे डोके उघड्यावर. दिवसा निदान रेल्वेचे रूळ, नदी, गावे बघत जाता येई. रात्री जमिनीवरचे दिवे दिसले तर दिसले.

त्यानंतर महिनाभरातच, १५ जून १९१९ रोजी, ॲल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी न थांबता अटलांटिक महासागर ओलांडला. ते कॅनडाच्या बाजूच्या न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सुमारे सोळा तासांनी आयर्लंडमध्ये क्लिफडनजवळ उतरले. वरून हिरवेगार मैदान वाटले, ते निघाले दलदल! विमानाचे नाक चिखलात रुतले. पण दोघेही सुखरूप होते. त्यांच्याबरोबर टपालाची छोटी थैलीसुद्धा होती.

बाल्डॉनेल

सैन्यातून सुटल्यावर फिट्झमॉरिस यांनी काही महिने विम्याच्या पॉलिसी विकल्या. आकाशात उडालेल्या माणसाला दारोदार फिरून विमा विकणे कसे जमावे? ते पुन्हा वायुदलात गेले. तोपर्यंत आयर्लंडमध्ये स्वातंत्र्याचा लढा पेटून तहाची बोलणी सुरू झाली होती. १९२१ च्या शेवटी तह झाला आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये फिट्झमॉरिस नव्या आयरिश सैन्याच्या विमानदलात दाखल झाले.

या विमानदलाच्या पहिल्या विमानाची गोष्ट मजेदार आहे. तहाची बोलणी लंडनमध्ये चालू होती. ती फिसकटली तर आयरिश नेते मायकेल कॉलिन्स यांना तिथून चटकन पळता यावे म्हणून १९२१ मध्ये एक विमान विकत घेऊन तयार ठेवले होते. आपल्याला आग्र्याहून सुटकेची आठवण होते की नाही? इथे पेटाऱ्याच्या जागी विमान! पण तह झाला आणि विमान पळण्यासाठी वापरावे लागले नाही. पुढे ते बाल्डॉनेलला आले.

तहानंतर आयर्लंडमध्ये दुर्दैवाने यादवी युद्ध झाले. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक एकमेकांवर उठले. त्या काळात विमानदलाची विमाने टेहळणी करीत, रेल्वेमार्गांवर लक्ष ठेवीत, वरून पत्रके टाकीत. ते वर्ष संपले तेव्हा देश दमला होता आणि गरीबही झाला होता. या मोजक्या विमानांच्या छोट्या दलात फिट्झमॉरिस वर चढत गेले आणि पुढे बाल्डॉनेलचे प्रमुख झाले.

वारा कोणत्या बाजूचा?

आता थोडा भूगोल. अटलांटिकवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. आयर्लंडमध्ये पाऊस कुठून येतो? पश्चिमेकडून! म्हणून अमेरिकेहून इकडे येणाऱ्या विमानाला वारा पाठीवर घेता येतो. इकडून तिकडे जाणाऱ्याला तो तोंडावर झेलावा लागतो.

एक साधे गणित करू. समजा, विमानाचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे आणि वाऱ्याचा ५०. अंतर ३००० किलोमीटर. वारा पाठीशी असेल तर वेग होतो २०० आणि प्रवास १५ तासांत संपतो. वारा समोरून असेल तर वेग उरतो १०० आणि लागतात ३० तास! म्हणजे पेट्रोल दुप्पट लागणार. पेट्रोल दुप्पट घ्यावे तर विमान इतके जड होते, की जमिनीवरून उठणेच मुश्किल.

म्हणूनच १९१९ मध्ये अटलांटिक एका बाजूने ओलांडला गेला, तरी दुसऱ्या बाजूने न थांबता विमानाने जाणे नऊ वर्षे कोणाला जमले नाही. वायूने भरलेल्या मोठ्या आकाशनौका गेल्या होत्या, पण विमान नव्हे. आणि प्रयत्न करणाऱ्यांची यादी दुःखाची होती. मे १९२७ मध्ये फ्रान्सचे नंजेसेर आणि कोली पॅरिसहून निघाले, ते परत दिसले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी इंग्लंडहून तिघे निघाले, तेही समुद्रात नाहीसे झाले. मार्च १९२८ मध्ये एल्सी मॅके ही धाडसी वैमानिक आणि तिचा सोबती हिंचलिफ, तेही गेले.

परत फिरण्याचे धैर्य

या यादीच्या मधोमध फिट्झमॉरिस यांचा पहिला प्रयत्न आहे. १६ सप्टेंबर १९२७ रोजी कॅप्टन मॅकिंटॉश आणि ते बाल्डॉनेलहून 'प्रिन्सेस झेनिया' नावाच्या विमानातून अमेरिकेकडे निघाले. निरोप द्यायला लोक जमले होते. सगळ्या देशाचे लक्ष त्यांच्याकडे होते. समुद्रावर पाचशेएक किलोमीटर गेल्यावर हवा फारच बिघडली. समोर वादळ, मागे देश.

दोघे परत फिरले आणि केरी परगण्यात बॅलीबनियनजवळ समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरले.

बालमित्रांनो, इथे थोडे थांबू या. आपल्याला शूर माणसांच्या गोष्टी आवडतात आणि त्यांत शूर माणूस कधी मागे वळत नाही. पण खरे आयुष्य तसे नसते. आपल्याकडे म्हण आहे, शीर सलामत तो पगडी पचास. शिवाजी महाराजांनीसुद्धा १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले होते. ती माघार घेतली म्हणून मावळे वाचले, राज्य वाचले आणि १६७० मध्ये सिंहगड पुन्हा जिंकता आला. फिट्झमॉरिस त्या दिवशी परत वळले नसते, तर समुद्रात गेलेल्यांच्या यादीत आणखी दोन नावे आली असती आणि पुढची गोष्ट घडलीच नसती.

परत फिरणे एक वेळ सोपे. परत आल्यावर पुन्हा निघणे कठीण. तिथेच माणसाची खरी परीक्षा होते.

तीन सोबती

२६ मार्च १९२८ रोजी जर्मनीहून एक विमान बाल्डॉनेलला येऊन उतरले. त्याचे नाव 'ब्रेमेन'. युंकर्स कंपनीचे हे विमान कापडाचे नव्हते. सगळे धातूचे, आणि त्याचा पत्रा आपल्याकडच्या पन्हाळी पत्र्यासारखा नालीदार. यंत्र एकच होते.

विमानाबरोबर दोन माणसे आली होती, ती पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची. एक हेर्मान क्योल. हे महायुद्धात जर्मनीच्या बाँबफेकी विमानांच्या तुकडीचे नायक होते आणि नंतर रात्रीच्या उड्डाणांत तरबेज झाले होते. दुसरे बॅरन फॉन ह्यूनेफेल्ड. हे स्वतः वैमानिक नव्हते, तब्येतीने नाजूक होते, एका डोळ्याने त्यांना दिसत नव्हते. पण या मोहिमेची कल्पना आणि पैशाची जुळवाजुळव त्यांची होती. त्यांच्याबरोबर आलेला दुसरा वैमानिक परत गेला. त्याच्या जागी कोण? बाल्डॉनेलचे प्रमुख फिट्झमॉरिस तयारच होते.

आता आठवून बघा. फिट्झमॉरिस जखमी झाले ते कोणाशी लढताना? जर्मनांशी. बारा वर्षांपूर्वी हीच माणसे एकमेकांचे शत्रू होती. आता एकाचा जीव दुसऱ्याच्या हाती. क्योल झोपले तर फिट्झमॉरिस यांनी विमान सांभाळायचे आणि फिट्झमॉरिस दमले तर क्योल यांनी. आम्हांला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. समुद्र ओलांडण्याच्या आधी या तिघांनी मनातला खंदक ओलांडला होता.

छत्तीस तास

हवा चांगली होण्याची वाट बघत सतरा दिवस गेले. अखेर १२ एप्रिल १९२८ रोजी पहाटे तिघे सज्ज झाले. आयर्लंडच्या सरकारचे प्रमुख कॉसग्रेव्ह स्वतः निरोपाला आले होते. पेट्रोलने भरलेले विमान एवढे जड, की ते उठेल की नाही याचीच चिंता. धावपट्टीवर विमान धावू लागले आणि मध्येच एक मेंढी आडवी आली, अशी आठवण सांगतात! मेंढी वाचली, विमानही वाचले. ५ वाजून ३८ मिनिटांनी 'ब्रेमेन' हवेत होते.

विमानात बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. एकदा आयर्लंडचा किनारा मागे पडला की खाली कोणाला काही कळवता येणार नव्हते. घरच्यांनी फक्त वाट बघायची.

दिवस बरा गेला. रात्री मात्र धुके आणि वादळ आले. समोरचा वारा विमानाला मागे ढकलत होता. होकायंत्रावर भरवसा ठेवता येईना. जायचे होते न्यूयॉर्कला, पण वाट चुकून ते खूप उत्तरेला, लॅब्रडॉरच्या बर्फाळ मुलखावर पोचले. उजाडल्यावर खाली बघावे तर बर्फ आणि जंगल. ना गाव, ना रस्ता. पेट्रोल संपत आलेले.

आणि मग खाली काहीतरी दिसले. आधी वाटले, बर्फात अडकलेले जहाज असावे. जवळ गेल्यावर कळले, ते दीपगृह होते. कॅनडाचे ग्रीनली बेट. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर त्यांनी विमान उतरवले. बर्फ फुटले, चाके आणि पंखा मोडला, पण तिघेही चालत बाहेर आले. साडेछत्तीस तास झाले होते. तारीख होती १३ एप्रिल. युरोपातून उत्तर अमेरिकेला न थांबता गेलेले ते पहिले विमान.

बातमी तारेने जगभर गेली. बेटाभोवती बर्फ असल्यामुळे मदत विमानानेच आणावी लागली. त्या मदतीसाठी निघालेला अमेरिकन वैमानिक फ्लॉइड बेनेट आधीच आजारी होता. वाटेत त्याला न्यूमोनिया झाला आणि २५ एप्रिलला क्युबेकमध्ये तो वारला. न्यूयॉर्कमध्ये मोठी मिरवणूक ठरली होती, पण त्याआधी हे तिघे वॉशिंग्टनजवळ त्याच्या समाधीवर जाऊन आले. ज्याने आपल्यासाठी धाव घेतली त्याला आधी नमस्कार, मग हारतुरे. हा क्रम आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यांना मोठे पदक दिले. परत आल्यावर डब्लिन शहराने तिघांनाही मानाचे नागरिकत्व दिले. फिट्झमॉरिस कर्नल झाले.

चार दिवस मानाचे

खरे तर गोष्ट इथे संपवावी असे कोणालाही वाटेल. पण आम्ही पूर्ण सांगणार आहोत.

फिट्झमॉरिस यांना वाटे, की आयर्लंड युरोपच्या पश्चिम टोकाला आहे, म्हणून ते टपालाच्या आणि प्रवाशांच्या विमानांचे मोठे ठाणे होऊ शकते. नागरी विमानसेवा सुरू करावी असा त्यांचा आग्रह होता. देश नवा होता, तिजोरीत पैसा थोडा होता. त्यांच्या म्हणण्याला हवा तसा पाठिंबा मिळाला नाही. १९२९ मध्ये त्यांनी विमानदल सोडले आणि परदेशी गेले. त्याच वर्षी ह्यूनेफेल्ड आजाराने वारले. क्योल १९३८ मध्ये गेले.

१९३४ मध्ये फिट्झमॉरिस यांनी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया या विमानांच्या शर्यतीसाठी 'आयरिश स्वूप' नावाचे विमान तयार केले, पण वजनाच्या नियमात ते अडकले आणि शर्यतीत उतरताच आले नाही. दुसऱ्या महायुद्धात ते लंडनमध्ये सैनिकांसाठी क्लब चालवीत होते. १९५१ मध्ये ते आयर्लंडला परतले. ज्याच्यासाठी रस्ते माणसांनी भरून गेले होते, तो माणूस आता त्याच रस्त्याने चालला तर फारसे कोणी ओळखत नव्हते. २६ सप्टेंबर १९६५ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप दिला गेला.

आणि त्यांचे स्वप्न? ते मात्र हळूहळू खरे होत गेले. २७ मे १९३६ रोजी त्याच बाल्डॉनेलहून एर लिंगसचे पहिले विमान पाच प्रवासी घेऊन ब्रिस्टलला गेले. विमानाचे नाव होते 'इओलर', म्हणजे गरुड. १९३९ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला फॉइन्स येथे अमेरिकेहून प्रवासी घेऊन पाण्यावर उतरणारी विमाने येऊ लागली. १९५८ मध्ये आयर्लंडची स्वतःची अमेरिकेची विमानसेवा सुरू झाली. ही सगळी फिट्झमॉरिस यांच्या हयातीतच झाली. १९७८ मध्ये 'ब्रेमेन'च्या उड्डाणाला ५० वर्षे झाली म्हणून आयर्लंडने टपाल तिकिटे काढली. ज्यांनी एकदा रात्रीच्या अंधारात टपाल नेली, त्यांच्या उड्डाणाची आठवण टपालावरच उमटली.

आपल्याकडे

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणली आणि ते मुंबईत जुहूला उतरले. पुढे ती टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेली. जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत विमाने पुण्याला न्यावी लागत. त्याच कंपनीची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला निघाले. इथेही क्रम तोच, आधी टपाल, मग माणसे.

पालकांपैकी काहींना निळे एरोग्राम आठवत असतील. घडी घालायच्या आत कडेकडेने बारीक अक्षरात लिहिलेला मजकूर, आणि उत्तर यायला लागणारे पंधरा दिवस. आज मुले फोनच्या पडद्यावर आजीशी समोरासमोर बोलतात. पण आजीच्या हातची पुरणपोळी खायची तर अजून विमानातच बसावे लागते!

तर आपल्या छोट्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की आजीकडे जायचे विमान एकट्या कोणी चालवले नाही. यमुना ओलांडणाऱ्याने दहा किलोमीटर नेले, रात्री टपाल नेणाऱ्याने एक खाडी ओलांडली, समुद्रात हरवलेल्यांनी कुठे जाऊ नये ते दाखवले आणि आपल्या शेजारच्या बाल्डॉनेलमधून उडालेल्या माणसाने एकदा परत येऊन, पुन्हा जाऊन वाऱ्याविरुद्ध वाट काढली. पुढच्या वेळी विमान उठताना तुमचे कान दडे बसले, की चॉकलेट तोंडात टाका आणि त्या सगळ्यांची क्षणभर आठवण काढा. आम्हीही काढू.

सांगा पाहू!
१. आयर्लंडहून अमेरिकेला उडणे जास्त कठीण का होते?
२. 'ब्रेमेन' विमानात कोण कोण होते? त्यांच्यात आधी कोणते वैर होते?
३. भारतात १९११ मध्ये आणि १९३२ मध्ये विमानाने काय नेले गेले?
४. तुम्ही कधी एखादी गोष्ट अर्धी सोडून पुन्हा केली आहे का? पाच वाक्ये लिहून आणा. आईबाबांची मदत घेतली तरी चालेल.

शब्दार्थ
टेहळणी – लांबून लक्ष ठेवणे
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा
यादवी – आपल्याच माणसांतले युद्ध
माघार – मागे फिरणे
इतमाम – मान, थाट